रफूच्या शालीतला निळा उजेड

निवृत्तीनंतर दुपारी डोळा लागायची सवय जडली. खुर्चीत पाय पसरले की अर्धवट झोपेत नोकरीतले दिवस उलटसुलट येऊन जातात. खून येतात, दरोडे येतात, निवडणुकीतले बंदोबस्त येतात. जाग आली की त्यातलं बहुतेक पुसलं जातं. एक मात्र जात नाही. अंधाऱ्या खोलीत निळी होऊन पडलेली एक शाल. ती दिसली की मी चहा गार होईपर्यंत तसाच बसून राहतो, आणि घरात एकमेकांना सांगतात की साहेब पुन्हा ड्यूटीवर गेले.

तेव्हा मी छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी चाळत होतो, तेवढ्यात एक गृहस्थ पत्नीला घेऊन आत आले. मूळचे फुलंब्रीकडचे बागायतदार, आता चिकलठाण्याला बंगला. त्यांनी पिशवीतून पांढऱ्या फडक्यात बांधलेली शाल काढली आणि माझ्या टेबलावर उलगडली. हिमरूची शाल होती. उभा धागा सुताचा, आडवा रेशमाचा, लाल फुलांची दाट वेल.

"साहेब, हात लावून बघा," गृहस्थ म्हणाले. "आमच्या पणज्यापासून घरातला नवरदेव हीच शाल पांघरतो. ही ती शाल नाय. आमची शाल पाण्यावाणी सरकायची हातातून. ही कडक हाय, आन् रंग बी उतरल्यावानी."

मुलाचं लग्न जवळ आलं होतं. शालीला दोन ठिकाणी कसर लागली होती, म्हणून ती जुन्या शहरातल्या एका रफूगाराकडे दिली होती. रफूगारानं ती दुरुस्त करून परत केली. पुढं काही दिवसांनी गृहस्थांनी घडी मोडली तर शाल वेगळीच वाटली. त्यांनी ती जुन्या वस्तूंच्या एका दुकानदाराला दाखवली. दुकानदारानं तिच्यावर जांभळ्या उजेडाची बॅटरी मारली आणि शाल निळी चमकली. असं चमकतं ते नव्या गिरणीचं सूत, जुनं कापड चमकत नाही, असं त्यानं छातीठोक सांगितलं. म्हणजे रफूगारानं अस्सल शाल ठेवून घेतली आणि नक्कल गळ्यात मारली, ही फिर्याद.

माणूस रागीट होता, पण खोटा वाटला नाही. पत्नी शेजारी बसून होती. तिनं शालीकडे एकदाही पाहिलं नाही. नवरा बोलत असताना बायकांनी ठाण्यात गप्प बसायची आमच्याकडे रीतच आहे, म्हणून मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

विश्वासघाताचा गुन्हा नोंदवला, शाल मुद्देमाल म्हणून सील केली. दोन पंच आणि आमचे हवालदार यांना घेऊन रफूगाराच्या दुकानी गेलो. आमच्या हवालदारांना प्रत्येक गुन्ह्यात आरोपी पहिल्या तासात सापडलेला असायचा. गल्लीत शिरतानाच ते म्हणाले, "साहेब, म्हातारा लई गोड बोलंल. फसू नका."

दुकान म्हणजे एक ओटा, वर ताडपत्री. म्हातारा मांडीवर शेरवानी घेऊन बसला होता. बोटं लांब, पातळ, आणि सुई अशी बारीक की ती हलतेय हे उजेड पडला तरच कळावं. मी फिर्याद सांगितली. त्यानं सुई शेरवानीच्या कॉलरला टोचून ठेवली, चष्मा काढला.

"साहब, मैंने कपडा नहीं बदला. जी शाल आली, तीच गेली."

झडतीत शाल मिळाली नाही. मिळाली ती एक पत्र्याची पेटी. तिच्यात खेळायच्या जुन्या पत्त्यांचे अर्धे तुकडे, आणि प्रत्येकावर गुंडाळलेला धागा. मी विचारलं, हे काय. म्हातारा म्हणाला, रफूला बाजारचा धागा चालत नाही. ज्याचं कापड त्याच्याच आतल्या काठातून धागा उपसायचा आणि त्यानंच भोक भरायचं, म्हणजे रफू दिसत नाही. उरलेला धागा तो जपून ठेवतो. पुन्हा तेच गिऱ्हाईक आलं तर उपयोगी पडतो. बदामाच्या राणीवर या शालीचा धागा होता, लाल रेशीम आणि थोडं सूत. पंचनाम्यात मी तोही घेतला आणि पाकिटात सील केला. का घेतला ते तेव्हा सांगता आलं नसतं. घटनास्थळी जे त्या वस्तूशी जोडलेलं दिसेल ते घ्यायचं, एवढीच शिस्त.

दुसऱ्या दिवशी खबऱ्याचा फोन आला. रफूगारानं जालना रोडवर एका पाहुण्याला कापडाचा गठ्ठा दिला, लाल होतं म्हणे. हवालदारांचा चेहरा उजळला. आम्ही त्या पाहुण्याला गाठलं. गठ्ठ्यातून निघाला त्याच्या सासऱ्याचा लाल अस्तराचा कोट, कोपरावर रफू केलेला. हवालदार परतीच्या वाटेत जीपच्या खिडकीबाहेर बघत राहिले.

मग विचारपूस. म्हाताऱ्याला रोज ठाण्यात बोलावत होतो. तो यायचा, ठाणे अंमलदारांना सलाम करायचा, बाकावर बसायचा. हात रिकामे ठेवायची सवय नव्हती. नुसतीच बोटं हलायची, हवेत एखादं न दिसणारं भोक भरल्यागत. मी एकच प्रश्न वेगवेगळ्या बाजूंनी विचारला. उत्तर तेच यायचं, त्याच शब्दांत, रोज थोडं थकलेलं. इतक्या वर्षांत मी एक पाहिलंय. खोटं बोलणारा आपला जबाब रोज सुधारत जातो, त्याला नवे तपशील सुचतात. खरं बोलणारा कंटाळतो. म्हातारा कंटाळला होता.

चौथ्या की पाचव्या फेरीत तो म्हणाला, "साहब, एक अर्ज है. जेल में डालना है तो डालो. पण लवकर ठरवा. गल्लीतले लोक कपडे परत न्यायला लागलेत. काल एक पोरगी आली, दादी का गरारा ले गई. आधा रफू झाला होता. सुई वैसी की वैसी लटक रही थी. बोली, अब्बा ने मंगाया."

हे सांगताना त्याचे डोळे भरले नाहीत, माझेच भरायला आले. त्याच्याकडे दुसरं काही नव्हतंच. लोक घरातलं सगळ्यात जुनं, सगळ्यात नाजूक कापड ज्याच्या हाती निर्धास्त देतात तो रफूगार. ते देणं थांबलं की सुई चालून काय करायची? इकडे फिर्यादी रोज अटकेचा तगादा लावत होते, वरूनही विचारणा होत होती. दुकानदाराची बॅटरी मी मागवून घेतली होती. ठाण्यात खिडक्या लावून मी स्वतः शालीवर धरली, आणि खरोखरच शाल निळीशार झाली. वाटलं, आता आपण काय बोलणार?

बोलायला माझ्या ओळखीच्या एक प्राध्यापिका होत्या. शहरातल्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायच्या. मुद्देमालाचे नमुने न्यायसहायक प्रयोगशाळेकडे रीतसर जायचेच होते, पण तिथल्या रांगेत शाल बसली असती आणि म्हातारा संपला असता. वरिष्ठांची परवानगी घेतली, पंचांसमक्ष शालीच्या कोपऱ्यातले थोडे धागे काढले, बदामाच्या राणीवरचे थोडे घेतले, आणि बाजारातून आणलेल्या नव्या नकली हिमरूचेही घेतले. तिन्ही पाकिटं आणि शाल घेऊन गेलो.

बाईंनी पडदे ओढले. भर दुपारची वेळ, बाहेर ऊन नुसतं पांढरं झालेलं, आणि आत क्षणात रात्र. त्यांनी दिवा लावला. तो लागला हे कळलंच नाही, कारण त्याचा उजेड डोळ्याला दिसत नव्हता. दिसली ती शाल. टेबलावर निळा उजेड सांडल्यासारखी. शेजारी माझा खिशातला रुमालही निळा झाला होता. खाकी मात्र अंधारात बुडालेली. मला माझे हात दिसत नव्हते, फक्त खिशातून डोकावणारा रुमाल तरंगत होता. मी आपण कोण, कुठं आलो, सगळं विसरून त्या निळ्याकडे बघत राहिलो.

"रुमाल नवा आहे का?" बाईंनी विचारलं.

"नाही. लग्नातला आहे, माझ्याच."

"मग तो का चमकतोय?"

त्यांनी दिवा बंद केला. निळा उजेड त्याच क्षणी गेला, मागे रेंगाळला नाही. पडदे उघडून त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि शिकवायला सुरुवात केली. माझ्यासारखा ढ विद्यार्थी त्यांना बऱ्याच दिवसांत मिळाला नसावा.

म्हणाल्या, काही पदार्थ असे असतात की त्यांच्यावर प्रकाश पडला की त्यांचे रेणू तो पिऊन घेतात आणि उसळतात. उसळलेल्या अवस्थेत फार वेळ राहता येत नाही. डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी ते खाली येतात. पण येण्याआधी शेजाऱ्यांशी धक्काबुक्की होते, त्यात थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. उरलेली ते प्रकाश म्हणून परत देतात. थोडी आतच खर्चली गेल्यामुळं परत येणारा प्रकाश कमी ऊर्जेचा, म्हणजे जास्त लांब लहरींचा असतो. आत जातो न दिसणारा जांभळ्यापलीकडचा, बाहेर येतो निळा. निळा आत गेला तर हिरवा येईल, पिवळा येईल. याला प्रतिदीप्ती म्हणतात.

"म्हणजे जे दिलं तेच परत येत नाही," मी म्हणालो.

"कधीच नाही. आणि कोणता प्रकाश दिला की कोणता परत येतो, ही ज्याची त्याची खूण असते. पण साहेब, डोळा सगळे रंग एकत्र बघतो. एक जण मोठ्यानं ओरडत असेल तर कुजबुजणारा ऐकू येत नाही. शालीतलं निळं ओरडतंय. बाकी कोण काय बोलतंय ते यंत्राला विचारू."

धाग्यांचा अर्क काढून त्यांनी तो काचेच्या चौकोनी नळीत भरला. एका बाजूनं दिव्याचा निवडलेला एकच रंग आत सोडायचा, आणि बाहेर येणारा उजेड समोरून नाही, बाजूनं, काटकोनातून टिपायचा. मी विचारलं, समोरून का नाही? "समोर दिव्याचाच झोत येतो. त्यात बिचाऱ्या नमुन्याचा उजेड कुठं दिसणार? बाजूला बसलं की त्याचं स्वतःचं तेवढं दिसतं." मी मान हलवली. आमच्या खात्यात आरोपीला समोर बसवून तोंडावर दिवा मारायची जुनी हौस होती, ती आठवली.

यंत्र एकेक रंग पुढं सरकवत होतं आणि पडद्यावर टेकड्यांसारख्या रेषा उमटत होत्या. नव्या नकली धाग्याची निळ्यात एक उंच टेकडी, बाकी सपाट. बदामाच्या राणीवरच्या धाग्यात निळं काहीच नाही, पण नारिंगीकडं एक बसकी, रुंद टेकडी. तो मंजिष्ठेसारख्या मुळीचा जुना रंग, बाई म्हणाल्या. आजच्या बाजारी लालमध्ये तो नसतो.

मग शालीचा धागा लावला. निळ्यात उंच टेकडी उगवली आणि वाटलं, संपलं सगळं. रेषा पुढं सरकत राहिली. नारिंगीत तीच बसकी टेकडी, तशीच रुंद, तशाच उताराची. बाईंनी दोन्ही रेषा एकमेकींवर ठेवल्या. नारिंगीतल्या टेकड्या एकमेकींवर तंतोतंत बसल्या.

"शाल तीच आहे," त्या म्हणाल्या. "निळं नंतर आलंय. कपडे पांढरे दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत चमक आणणारं द्रव्य घालतात. ते सुताला चिकटून बसतं. तुमच्या रुमालावर तेच आहे."

"पण ही शाल त्यांच्याकडे पाण्याला दाखवतच नाहीत. सावलीत वारा देतात, बस. फिर्यादीनं जबाबात लिहून दिलंय."

"ते तुम्ही बघा. आणि हे काय आहे, हेही बघा." त्यांनी निळ्या आणि नारिंगीच्या मधल्या एका उंचवट्यावर बोट ठेवलं. अगदी लहान, लक्षात न येण्याजोगा. त्यांनी दिव्याचा रंग बदलला, आत निळा प्रकाश सोडला, आणि तो उंचवटा हिरवट पिवळा होऊन नीट वर आला. बाई हसल्या. "ही आमच्या पहिल्या वर्षाच्या पोरांनाही ओळखू येते. हळद."

परत येताना जीपमध्ये मी डोळे मिटून बसलो होतो. हळद म्हटल्यावर मला फिर्यादीच्या बंगल्याचा ओटा दिसायला लागला. फिर्याद नोंदवल्या दिवशी चौकशीला मी तिथं गेलो होतो तेव्हा भिंतीला मुसळ टेकवलेलं होतं, त्याला आंब्याची पानं बांधलेली. हळद फोडायचा मुहूर्त नुकताच झाला होता, सगळ्या ओट्याला हळकुंडांचा वास होता. आणि ठाण्यात शालीकडे न बघणारी ती बाई दिसली.

दुपारी गृहस्थ शेताकडं गेलेत याची खात्री करून मी महिला शिपायाला घेऊन बंगल्यावर गेलो. फिर्यादीच्या पत्नीनं पाणी दिलं. समोर खुर्ची होती, पण मी ओट्याच्या कडेला त्यांच्या बाजूला बसलो. दोघंही अंगणाकडे तोंड करून. दोरीवर लग्नघरातले कपडे वाळत होते. मी शालीचं नाव काढलं नाही.

"ताई, रफू चांगलं झालं होतं का?"

त्या अंगणाकडेच बघत बोलायला लागल्या.

"लई चांगलं झालं होतं. सापडंना मला. ह्यांनी इचारलं, कुठं केलंय दाव, आन् मला दिसंचना. हळद फोडायच्या दिशी सगळ्या बाया जेवाया बसल्या. म्या म्हनलं, आता बघू. घडी उलगडली, अन् बोट फिरवून बघाया लागले, कुठं उचलून लागतंय का. हाताला हळद हाय ह्याचं ध्यानच नाय ऱ्हायलं. एवढा पिवळा पट्टा उठला."

"मग?"

"साबण लावला. त्यो डाग लाल झाला, साहेब. रगतावानी. माझं काळीजच थांबलं. पावडरीत भिजवली, उन्हात टाकली. उन्हानं हळद गेली. पर शालीचं तेज बी गेलं." त्यांनी पदर तोंडाला लावला. "ह्यांना सांगनार हुते. तवर ह्येच म्हनले, ही आपली शाल नाय, त्या म्हाताऱ्यानं बदलली. मला वाटलं, दोन दिसांत मिटंल. मिटलंच नाय. रोज राती त्या चाचाचा हात डोळ्यापुढं येतोय."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. त्या म्हाताऱ्याच्या कामाचं यापेक्षा मोठं कौतुक कुणी केलं नसेल, आणि त्या कौतुकापायीच त्याच्या गळ्याला फास लागला होता. महिला शिपायानं त्यांचा जबाब लिहून घेतला. संध्याकाळी गृहस्थांना पत्नीसह ठाण्यात बोलावलं आणि जबाब वाचून दाखवला. ते ऐकत असताना मी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं. त्यांनी आधी पत्नीला नको ते ऐकवलं, मग खाली बसले, आणि मग एवढंच म्हणाले, "मला का नाय सांगितलं तू?" त्या म्हणाल्या, "तुम्ही इचारलंच नाय. तुम्ही सांगितलंच."

गैरसमजातून फिर्याद, असा क समरीचा अहवाल न्यायालयात पाठवला. म्हाताऱ्याला ठाण्यात बोलावून सांगितलं की तुम्ही मोकळे आहात. तो उठला नाही.

"साहब, आप गल्ली में आए थे, सब ने देखा. ये बात आप यहाँ बोल रहे, किस ने सुना?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं. पंचनामा गल्लीत झाला होता, सुटका बंद खोलीत होत होती. मी काही करायच्या आधी ते फिर्यादीच्या पत्नीनंच केलं. न्यायालयातून शाल ताब्यात मिळाल्यावर त्या ती छातीशी धरून नवऱ्यासह त्या गल्लीत गेल्या. दुपारच्या नमाजानंतर लोक घरी परतत होते. मी साध्या वेषात कोपऱ्यावर उभा होतो, आलेल्यांपैकी एक. त्या ओट्यासमोर उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "चाचा, शाल म्या धुतली. तुमचं रफू सापडंना म्हून हात फिरवला. आळ तुमच्यावर आला आन् म्या गप ऱ्हायले. चूक माझी हाय."

म्हाताऱ्यानं वर पाहिलं. ताडपत्रीच्या सावलीकडे हात केला. "अंदर बैठो, ताई. धूप लई हाय." मग शाल मांडीवर घेतली. तपासासाठी आम्ही कोपऱ्यातले धागे उपसले होते, तिथं एक फट पडली होती. त्यानं मला खूण केली. सीलबंद पाकिटातून परत मिळालेली बदामाची राणी मी त्याच्या हातात दिली, आणि त्यानं त्याच धाग्यानं ती फट भरायला घेतली. गरारा परत घेऊन गेलेली पोरगी कधी येऊन उभी राहिली ते मला कळलं नाही. तिच्या हातात पिशवी होती.

या प्रकरणानं मला काय शिकवलं असं कुणी विचारलं तर मी आता सरळ सांगतो. मी माणसाच्या समोर बसणं सोडलं. बाजूला बसायला लागलो. आपण जो प्रश्न टाकतो तोच उत्तर होऊन परत येत नाही. मधे माणसाच्या आत काहीतरी खर्च होतं, आणि जे परत येतं ते थोडं मंद, वेगळ्या रंगाचं असतं. त्याची वाट बघावी लागते. आणि जे सगळ्यात जास्त चमकतं त्यावरून निकाल देऊ नये.

लग्नाला मला आमंत्रण होतं. म्हाताऱ्यालाही होतं. हळदीच्या संध्याकाळी मांडवात आम्ही दोघं एका सोफ्यावर बसलो होतो. डीजेवाल्यानं जांभळे दिवे लावले आणि सगळा मांडव बदलला. पांढरे सदरे निळे झाले, दात चमकायला लागले, पोरं ओरडली. नवरदेव शाल पांघरून मधोमध आला, आणि ती शाल, मी त्या दुपारी अंधारात पाहिली होती तशीच, निळी होऊन तरंगायला लागली. एका कोपऱ्यात मात्र बोटाच्या पेराएवढी जागा काळी राहिली होती. तिथला, बदामाच्या राणीवरचा धागा पावडरीत कधी भिजलाच नव्हता.

म्हाताऱ्यानं डोळे बारीक करून ती शोधली. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं रफू लांबून दिसत होतं. नवरदेवाच्या आईलाही ते दिसलं. गर्दीतून ती पुढं झाली आणि सगळ्यांदेखत त्या काळ्या जागेवर हात ठेवून उभी राहिली.

"वो मेरा है, साहब," म्हातारा हळूच म्हणाला. मी त्याचा हात हातात घेतला, आणि गाणं संपेपर्यंत सोडला नाही.